काकूंना कळलेला पाठ

काकूंचं शिक्षण किती, असं कुणी विचारलंच तर त्या सरळ सांगायच्या, आठवी, आणि तीही अर्धी. पण त्यांच्याकडे कपडे बेतायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते खरं वाटत नसे. कमरेला टेप लावता लावता काकू सहज विचारायच्या, की चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते ठाऊक आहे का. किंवा नोटा भरपूर छापल्या तर सगळेच श्रीमंत का होत नाहीत. मग काकूच तोंडातल्या टाचण्या सांभाळत समजावून सांगायच्या. एकदा एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी मूत्रपिंडाचं काम सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणाल्या, बरोबर आहे, फक्त आमच्या कॉलेजात हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही.

हे सगळं ज्ञान काकूंच्या घरी रोज संध्याकाळी, चहाच्या कपाबरोबर, काकांच्या तोंडून यायचं. काका विद्यापीठात शिपाई. मोठ्या इमारतीत नव्हे, मागच्या बाजूला तीन खोल्यांचं एक केंद्र होतं तिथे. अध्यापन विकास केंद्र असं त्याचं भारदस्त नाव, आणि पावसाळ्यात तिसऱ्या खोलीत बादली ठेवावी लागायची अशी त्याची अवस्था. पीएचडी करणाऱ्या पोरापोरींना तिथे शिकवायला शिकवत. माणसाला जगातलं सगळं येत असेल, पण समोरच्याला सांगता येईलच असं नाही, म्हणून हा खटाटोप. प्रत्येकानं वर्गासमोर उभं राहून पंधरा मिनिटांचा सराव पाठ द्यायचा. वर्ग कुणाचा, तर इतर पीएचडीवाल्यांचाच. आणि तिथेच सगळा घोळ होता. आज तुझी पाळी, उद्या माझी, त्यामुळे समोर काहीही चाललं असलं तरी सगळे भक्तिभावानं माना हलवायचे.

केंद्र सुरू करणारे पहिले संचालक ह्या मान-हलवीला कंटाळले होते. एके दिवशी पाठ संपल्यावर त्यांनी दाराशी पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या शिपायालाच विचारलं, तुला काय कळलं ते सांग. काका तेव्हा तरुण होते आणि आतबाहेर काही नसलेले. ते म्हणाले, साहेब, मला काही समजलं नाही, पण खरं सांगू का, ह्या मंडळींनाही समजलेलं नाही. वर्ग हसला, संचालक हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी नियम लिहून टाकला. प्रत्येक पाठाला विषयाबाहेरचा एक श्रोता बसेल. पाठ संपल्यावर तो उभा राहून, काय कळलं ते दोन वाक्यांत सांगेल. सांगता आलं तर पाठ उत्तीर्ण, नाही तर पुन्हा द्यायचा. संधी तीन. तीनदा जमलं नाही तर त्या वर्षी प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय खऱ्या वर्गासमोर कुणी उभं राहायचं नाही.

तेव्हापासून मागच्या ओळीतली भिंतीकडची खुर्ची काकांची. संचालक तीन बदलले, काळ्या फळ्यांच्या जागी पांढरे फळे आले, नियम तसाच राहिला. सगळे त्यांना मागचे काका म्हणायचे. एका पोरानं पाठाआधी त्यांना पेनांचा संच आणून दिला होता, तो काकांनी संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पोराला पाठ पुन्हा द्यायला लावला. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी त्याचा पाठ इतका सुरेख दोन वाक्यांत सांगितला, की तो पोरगा पुढे प्राध्यापक झाल्यावरही दर वर्षी येऊन भेटून जायचा.

घरी मूलबाळ नव्हतं. दोघांच्या संसारात संध्याकाळी बोलायला पाठ होते. काका हातपाय धुऊन बसले, की काकू शिलाई मशीनवर पाय चालवत म्हणायच्या, आज काय. मग काका सांगायचे. काकूंना कळलं तर तो पाठ खरा. नाही कळलं तर काका म्हणायचे, मग पोराचं चुकलंय, किंवा माझं तरी. ह्या बाईंनी सव्वीस वर्षं विद्यापीठाचे सगळे विभाग असे बसल्या जागी पालथे घातले. विद्यापीठ मात्र त्यांनी आतून कधी पाहिलं नव्हतं. तिथे आपलं काय काम, असं त्या म्हणायच्या.

मग मागच्या वर्षी एका सोमवारी काकांनी मुंग्यांचा पाठ सांगितला. मुंग्या एकमेकींच्या वासावर रस्ता कसा धरतात, वगैरे. छान सांगितला. मंगळवारी त्यांनी पुन्हा तोच सांगितला, तितक्याच उत्साहानं. काकूंना वाटलं, दोघांनी एकच विषय घेतला असेल. बुधवारी तिसऱ्यांदा मुंग्या निघाल्या तेव्हा काकूंनी मशीन थांबवलं. पुढे पुढे काका म्हणायला लागले, आज सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि एकदा ते केंद्रातला प्रोजेक्टरचा रिमोट खिशात घालून घरी आले आणि अर्धा तास टीव्हीसमोर तो दाबत बसले. काकूंनी हसण्यावारी नेलं. मग आत जाऊन पदराला डोळे पुसले.

त्यांनी काकांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. डॉक्टर तरुण होता, पण शांतपणे, घाई न करता बोलला. विसरणं वाढत जाईल, समजून घेणं कमी होत जाईल, औषधानं वेग थोडा कमी करता येईल, बाकी काही नाही. काकूंनी विचारलं, नोकरीचं काय. डॉक्टर म्हणाला, माणसांत राहू द्या, घरी कोंडून ठेवू नका. मात्र ज्या कामात दुसऱ्या कुणाचं काही अवलंबून असेल, ते काम आता त्यांच्याकडे नको.

काकूंनी ह्यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि दुसरं दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं.

त्यांना लगेच नावं ठेवू नका. त्या माणसाला दुसरं काय होतं सांगा. चपराशी म्हणून जन्म गेला असता, पण त्या एका खुर्चीमुळे मोठमोठी माणसं जिन्यात थांबून नमस्कार करायची. खुर्ची गेली असती तर काका घरात भिंतीकडे तोंड करून बसले असते आणि सहा महिन्यांत संपले असते, असं काकूंना वाटायचं. शिवाय त्यांनी मनाशी एक हिशेबही मांडला होता, की ह्यांचं काम तरी काय, ऐकायचं आणि कळलं नाही तर नाही म्हणायचं. त्यात कुणाचं काय बिघडणार.

आणि खरोखरच कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कारकुनाचं असं झालं असतं तर आठवड्यात फायलींचा घोटाळा झाला असता, ड्रायव्हरचं झालं असतं तर पहिल्याच दिवशी रस्ता चुकला असता. पण काका उठून म्हणायचे, मला समजलं नाही, आणि सगळे म्हणायचे, काका हल्ली फार कडक झालेत. पोरं रात्रंदिवस पाठ घासूनपुसून पुन्हा द्यायची. एखाद्या बऱ्या दिवशी काकांच्या पदरात काही पडायचं, ते दोन वाक्यं बोलायचे, पोरगं सुटायचं. आताच्या संचालक बाईंनी वार्षिक अहवालात लिहिलं, की केंद्राच्या अध्यापनाचा दर्जा ह्या वर्षी उंचावला आहे. त्यांनी काकांना सही-शिक्क्याचं प्रशस्तिपत्रही दिलं. काकांनी ते चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. काकू रोज ती चौकट पुसायच्या, पण वाचायच्या नाहीत.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एक किरकोळ अंगाची मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली काळं. तिनं आपण संख्याशास्त्रात पीएचडी करतो असं सांगितलं, आणि घरी आल्याबद्दल आधीच माफी मागितली. तिचा पाठ दोनदा परत गेला होता. तिसरा शुक्रवारी. पुढच्या वर्षी शिकवायला कुणाकुणाला घ्यायचं त्याची यादी त्यानंतरच्या सोमवारी वर जाणार होती. तिची शिष्यवृत्ती ह्याच महिन्यात संपत होती. शिकवण्याचं काम मिळालं तर इथे राहून संशोधन पुरं करता येणार होतं, नाही तर सामान बांधून घरी, आणि घरी गेलं की पुन्हा येणं कठीण. हे सगळं तिनं रड न गाता सांगितलं. मग म्हणाली, "काका, मी तक्रार करायला आले नाही. माझं कुठे तुटतं तेवढं सांगा, मी तिथे दुरुस्त करीन."

काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आलेल्या माणसाशी अदबीनं वागायचं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते अजून गेलं नव्हतं. ते म्हणाले, बोला, मी ऐकतो.

मुलीनं पाठ सुरू केला. एक मोठं तळं आहे. त्यात मासे किती, हे कसं मोजायचं. सगळं पाणी उपसता येत नाही. बोलता बोलता तिची नजर मशीनशेजारच्या डब्याकडे गेली. काकूंचा बटणांचा डबा, कित्येक वर्षांच्या उरल्यासुरल्या बटणांचा. तिनं विचारलं, घेऊ का. काकू हो म्हणाल्या. तिनं डबा जमिनीवर ठेवला, आपणही खाली बसली आणि म्हणाली, हे आपलं तळं.

तिनं न बघता वीस बटणं काढली. पिशवीतून फळ्यावर लिहायचा मार्कर काढून प्रत्येकावर निळा ठिपका दिला आणि बटणं परत डब्यात टाकून डबा खळखळ हलवला. हे आपण पकडून, खूण करून सोडलेले मासे, आता ते बाकीच्यांत मिसळले. मग तिनं मागे वळून पाहिलं. काकूंचा पाय मशीनवर थांबला होता. तिला ते दिसलं असावं. ती म्हणाली, काकू, तुम्ही टाका जाळं, डोळे मिटून तीस काढा.

काकू उठून तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या. डोळे मिटून त्यांनी एकेक करून तीस बटणं काढली आणि ओळीत मांडली. तिसांत निळ्या ठिपक्याची तीन निघाली.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, तिसांत तीन खुणेचे. म्हणजे दहात एक. तळ्यातही तसंच असणार. आपण खुणेचे एकूण किती सोडले होते, वीस. मग तळ्यात सगळे मिळून किती.

दोनशे. काकूंच्या डोक्यात दिवा लागावा तसं ते लागलं. त्यांचा डबा त्यांच्या माहितीचा होता, त्यात दोनशेच्या आसपासच बटणं असतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. न मोजता मोजता येतं. त्यांना हसूच फुटायचं बाकी राहिलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी सगळं शिक्षण नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. कुणी समोर बसवून, त्यांच्याकडे बघून, त्यांच्या हातानं करून घेऊन शिकवलं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना त्या पोरीच्या गालावरून हात फिरवावासा वाटला.

मुलीनं आधी काकांना विचारलं. काकांनी पुष्कळ विचार केला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. मग ते म्हणाले, बटणं चांगली आहेत. थोडं थांबून, अगदी मनापासून वाईट वाटून म्हणाले, नाही समजलं, पोरी.

मुलीनं मान खाली घातली. मग तिनं काकूंकडे पाहिलं. "काकू, तुम्हाला?"

आता बघा, अर्धी आठवी शिकलेली बाई फटदिशी दोनशे म्हणाली असती, तर काय उरलं असतं. पाठ चांगला आहे हे उघड झालं असतं, आणि दोष कुठे आहे तेही. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो ओशाळून आपल्या शर्टाची बाही नीट करत होता.

"मलाही नाही गं नीट कळलं," काकू म्हणाल्या. "अजून जरा सोपं करून बघ."

मुलगी बरं म्हणाली. तिनं रुमालानं एकेका बटणावरचा निळा ठिपका पुसला, वीसच्या वीस शोधून पुसले, बटणं डब्यात भरली आणि झाकण लावून डबा होता तिथे ठेवला. चहाला थांबली नाही.

त्या दिवशी काकूंनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. पण संध्याकाळपर्यंत त्यांना एक युक्ती सुचली आणि मग त्यांना बरं वाटलं. काकांची खुर्चीही राहील आणि पोरीचं भलंही होईल, अशी ती युक्ती. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून काकांना पाठ शिकवायला घेतला. डबा पुढे घेऊन, ठिपके देऊन, सकाळ-संध्याकाळ. काका अर्ध्यात विसरायचे, काकू पुन्हा सुरू करायच्या. बुधवारी काकांनी अडखळत का होईना, दोन वाक्यं म्हटली. गुरुवारी ती वाक्यं पुन्हा डोक्यातून गेली. तेव्हा काकूंनी आपल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली. तळ्यातले थोडे मासे पकडून खूण करून सोडायचे. पुन्हा जाळं टाकलं की खुणेचे किती येतात त्यावरून एकूण मासे काढायचे. शुक्रवारी सकाळी ती चिठ्ठी त्यांनी काकांच्या वरच्या खिशात घातली आणि दहादा बजावलं, पाठ संपला, की उभं राहून हे वाचायचं, बाकी काही बोलायचं नाही.

जो माणूस सव्वीस वर्षं कुणाच्या सांगण्यावरून एक शब्द बोलला नव्हता, त्याच्या खिशात त्यांनी उत्तर घालून पाठवलं.

संध्याकाळी काका घरी आले ते हसतच. म्हणाले, अगं, सांगितलं, सगळं बरोबर सांगितलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. शनिवार-रविवार त्यांनी मशीनवर गाणं गुणगुणत काम केलं. मनात म्हणाल्या, पुढच्या वर्षी ती पोरगी शिकवायला लागली की तिला एक चांगला कुर्ता शिवून द्यायचा.

सोमवारी दुपारी केंद्रातला प्रोजेक्टरवाला आला. काका त्या दिवशी अंग कणकणतंय म्हणून घरी झोपले होते, आणि शुक्रवारी वर्गात राहिलेला त्यांचा चष्मा द्यायला तो आला होता. चहा घेता घेता तो हसत हसत सांगायला लागला, की काकांनी शुक्रवारी काय कमाल केली.

त्या संख्याशास्त्राच्या मुलीनं म्हणे आपला पाठच बदलून टाकला होता. मासे काढून टाकले. घरच्या साध्या बाईलाही माझे मासे कळत नाहीत, असं ती मैत्रिणींना म्हणाली होती म्हणे. तिनं आपला सोप्यातला सोपा विषय घेतला, सरासरी. एका दुकानदारानं सगळ्या गिऱ्हाइकांच्या पायांच्या मापाची सरासरी काढली आणि त्याच एका मापाचे बूट मागवले, मग एकही बूट कुणाला बसेना. पाठ बरा झाला. शेवटी काका उठले, चष्मा लावला, खिशातून कागद काढला आणि ठणठणीत आवाजात वाचलं, तळ्यातले थोडे मासे पकडून. वर्गात हशा पिकला. संचालक बाईंनी पुन्हा विचारलं, काका, आजच्या पाठात काय होतं. काका म्हणाले, मासे. तेव्हा सगळ्यांनी त्याचा अर्थ काढला तो असा, की आजच्या पाठाचा काकांवर कणभरही ठसा उमटला नाही, जुनाच अजून लक्षात आहे. असा टोला काकाच मारू जाणे. बाईंनी नियमाप्रमाणे तिसरी संधी नापास लिहिली. मुलगी फळा न पुसताच निघून गेली.

प्रोजेक्टरवाला हसत होता. काकूंनी विचारलं, ती यादी वर जायची होती ना. तो म्हणाला, सकाळी अकरालाच गेली.

काकू उठल्या. हातातलं कापड तसंच मशीनवर ठेवून त्यांनी चपला घातल्या. काका आत झोपले होते. प्रोजेक्टरवाल्याला त्या म्हणाल्या, मी येईपर्यंत ह्यांच्यापाशी बस, आणि विद्यापीठाच्या रस्त्याला लागल्या. वाटेत त्यांना दोनदा कुणीतरी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही.

केंद्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण शोधावं लागलं नाही. तीन पायऱ्या, डावीकडे पाण्याचा माठ, मग संचालक बाईंची खोली, सगळं काकांच्या तोंडून पाठ झालेलं. खोलीत बाई होत्या आणि टेबलाच्या ह्या बाजूला ती मुलगी उभी होती. ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याच्या कागदावर सही घ्यायला आली होती. पिशवी आज मोठी होती.

बाईंनी बसा म्हटलं, काकू बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. मुंग्यांचा पाठ, डॉक्टर, डॉक्टरनं सांगितलेली दोन्ही वाक्यं, चिठ्ठी. मधे थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

बाईंनी कपाटातून वर्षभराची फाईल काढली आणि एकेक पान उलटत गेल्या. परत पाठवलेले पाठ आदल्या वर्षीच्या तिप्पट होते. बाईंनी फाईल मिटून तिच्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, तुमच्यापेक्षा माझा दोष मोठा आहे, मी रोज त्यांच्यासमोर बसत होते आणि वरून प्रशस्तिपत्रावर सही केली. त्यांनी लगेच फोन उचलला. फोनवरचं बोलणं लांबलं, पण त्यांचा चेहरा बघूनच काय ते कळत होतं. यादी मंजूर होऊन जागा वाटल्याही गेल्या होत्या. नियमाला धरून ज्यांचं नाव लागलं त्यांचं काढता येणार नव्हतं. बाई मुलीला म्हणाल्या, पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं, हे मी लेखी देते.

मुलगी म्हणाली, पुढच्या वर्षी मी इथे नसेन. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर काकूंना सोसलं असतं.

तिनं सही झालेला कागद घडी करून पिशवीत ठेवला. काकूंनी तिचा हात धरायला हात पुढे केला, पण धरवला नाही. मुलगी दारापर्यंत गेली आणि थांबली.

"काकू, त्या दिवशी तुम्हाला पाठ कळला होता?"

"कळला होता."

"किती?"

"सगळा, पोरी. तू विचारायच्या आधीच उत्तर आलं होतं माझ्या ओठावर."

मुलगी म्हणाली, "जागा गेली त्याचं एवढं नाही. पण तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, आपल्याला शिकवताच येत नाही. ते माझ्या मनात बसलं. शुक्रवारी त्या वर्गात मी सगळा वेळ फळ्याकडेच बघून बोलले."

"येतं तुला," काकू म्हणाल्या. "मला आजवर इतकं चांगलं कुणी शिकवलं नव्हतं."

"आता सांगताय," मुलगी म्हणाली, "पण आता मला ते खरं वाटत नाही."

तिनं पिशवी खांद्यावर नीट केली, संचालक बाईंना येते म्हटलं आणि त्या तीन पायऱ्या उतरून गेली. काकू तिथेच उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना पुन्हा बसायला सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीच्या काठावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.